चार बोटं डावीकडे

रस्क्स फोर्ड, केंटकी
३ मार्च १८०२

श्री. ओबेद पाइक यांस,

पत्राखाली हे नाव तुम्हीच लिहिलंत, म्हणून तेच वापरते आहे.

पत्र आईच्या नावे होतं. नावाडी ते आमच्या बंदुकांच्या दुकानात टाकून गेला आणि त्या वेळी दुकानात मी एकटी होते. फोडलं, वाचलं, भट्टीत टाकलं. माझ्याशिवाय ते कोणी पाहिलेलं नाही.

तुम्ही लिहिता की सेंट लुईच्या एका खानावळीत कातड्यांच्या व्यापाऱ्याने कॅप्टन रस्कच्या मरणाची गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून तुम्ही त्याला रम पाजलीत. "माझे डोळे भरून आले," असंही लिहिता. कोणासाठी, ते लिहिलेलं नाही.

इकडे ती गोष्ट खरी मानतात का, असं विचारलंत. मानतात. तुम्हाला नीट माहीत असावी, म्हणून इथे जशी सांगतात तशी लिहिते. सन १७८२ च्या ऑगस्टात इंग्रजांनी धाडलेली शॉनी जमातीची टोळी आमच्या वस्तीवर चालून आली. कॅप्टन थॅडियस रस्क एकटे नदीच्या उतारावर, जिथे पाणी पायी ओलांडता येतं तिथे, उभे राहिले. लांब बंदुकीने त्यांनी अकरा जणांना पाडलं, गोळ्या संपल्यावर बंदूक टाकून चाकूने आणखी चौघांना, आणि तोवर वस्तीचं फाटक आतून बंद झालं. प्रेत नदीने नेलं. बंदूक आणि टोपी सापडली. टोपी पुरली आणि वर दगड बसवला. वस्तीचं नाव तेव्हापासून रस्क्स फोर्ड, म्हणजे रस्कचा उतार. विधानसभेने वीराच्या विधवेला नदीकाठची जमीन दिली. आमचं घर आणि दुकान तिच्यावरच उभं आहे. गोष्टीत तुम्ही साडेसहा फूट उंच आहात. दारातून आत येताना वाकता.

तुमचा जुना अंगरखा मी मापून पाहिला आहे. तुम्ही साडेपाच फुटांचे होता.

मला काय दिसलं, ते तुम्ही विचारलेलं नाही. मी पाच वर्षांची होते आणि बुरुजाच्या भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेली फट बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर यायची. करडी घोडी, तिच्यावर तुम्ही, पाण्याच्या पलीकडचा काठ. मला पाठ दिसली. हे मी एकदाच बोलले आणि आईने माझ्या थोबाडीत दिली. त्यानंतर मला सगळ्यांना दिसलं तेच दिसू लागलं.

चुलीजवळचा एक कोपरा मागता. कोपरा नाही. आई गेल्या हिवाळ्यात तापाने वारली. ॲबी कशी आहे, असं विचारलंत. त्याबद्दल पुढे कधीतरी. मी बंदुकांच्या नळ्यांना आतून पीळ पाडते. माझं बरं चाललं आहे.

येऊ नका. मेलेल्या माणसाला इथे फार मान आहे.

केझाया


रस्क्स फोर्ड
२० जून १८०२

श्री. पाइक,

"टॅबीच्या थडग्यापाशी एकदा उभा राहीन आणि आल्या वाटेने जाईन," असं तुम्ही लिहिलं आहे. त्याची गरज नाही. आईच्या थडग्यावर दगड नाही. जागा ओली आहे आणि वसंतातल्या पुराने तिथली माती हलली. उभं राहण्यासारखं काही उरलेलं नाही.

हे काम मला कोणी शिकवलं, असंही विचारलंत. योस्ट एबरले नावाच्या जर्मन कारागिराने. तो पेन्सिल्व्हेनियातून इथे आला. त्याला मुलगा नव्हता आणि माझा हात स्थिर होता.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. "मीच कॅप्टन रस्क, शॉनींच्या कैदेतून सुटून आलो," असं सांगत तुमच्या आधी दोघे येऊन गेले. पहिल्याचा एक पाय लाकडाचा होता. त्याला लोक हसले आणि मक्याची भाकरी देऊन त्याला वाटेला लावलं. दुसरा दिसायला बरा होता. चारचौघात नीट बोलायचा. काही बायकांना तो खरा वाटू लागला, म्हणून त्याला डांबर फासून पिसं चिकटवली. डांबर अजून कढतच होतं. पुढे ते खरवडून काढताना त्याच्या खांद्याची कातडी बरोबर आली. ती काढायला योस्टकडची पटाशी नेली होती, म्हणून मला माहीत आहे.

नदीला सध्या पाणी कमी आहे. तरीही येऊ नका.

केझाया


रस्क्स फोर्ड
११ ऑगस्ट १८०२, बुधवार

श्री. ओबेद पाइक यांस, टिब्जबाईंच्या खानावळीत,

आई जिवंत आहे. काल बाजारात तुम्हीच तिला पाहिलंत, तेव्हा ते सांगायला नको. ती जिवंत आहे असं लिहिलं तर तुम्ही याल, असं मला वाटलं होतं. थडग्यासाठी कोणी इतक्या लांबून येईल, हे माझ्या हिशेबात नव्हतं. माप चुकलं.

स्मशानाची राखण करणारा म्हातारा सांगत होता, की एक परका माणूस आधी कॅप्टनच्या दगडापाशी थांबला आणि हसला. मग शेजारचा लहान दगड वाचून खाली बसला, तो उठेचना. त्याला तुम्ही प्यायलेले वाटलात. ॲबीबद्दल मी पुढे कधीतरी म्हटलं होतं, ते हेच. "ॲबिगेल रस्क, वय अकरा. वडिलांना बंदुकीच्या दारूचं शिंग पोचवताना पडली." दगडावर एवढंच आहे. बाकीचं दगडावर नाही.

तिथून तुम्ही बाजारात आलात आणि भर गर्दीत "टॅबी!" अशी हाक मारलीत. आईच्या हातात अंड्यांची टोपली होती. एकही अंडं फुटलं नाही. ती म्हणाली, "माणूस चुकलात. मी एबरलेंची बायको." हे तुम्ही ऐकलंत. घरी आल्यावरचं ऐकलं नाहीत.

"तोच ना?" तिने विचारलं.

"तोच."

"आखडलाय का गं तो?"

"नाही. होता तेवढाच आहे."

"बारा वर्षं झाली मला या घरात," आई म्हणाली. "त्याआधी आठ वर्षं मी त्या टोपीची विधवा होते. टोपी बरी होती. टोपी कधी उठून आली नाही."

मग ती मर्सीचे केस विंचरायला बसली. मर्सी तिची आणि योस्टची मुलगी. काल आईचा झगा धरून उभी होती, ती. सात वर्षांची आहे. तुम्ही जिवंत ठरलात तर आईचं हे लग्न लग्न राहत नाही, मर्सीला बाप उरत नाही, आणि वीराच्या विधवेची जमीन सरकार परत घेतं. योस्ट साठीला आला आहे. मी हे तुम्हाला आधी लिहिलं नाही, कारण ते लिहिलं तर तुमच्या हातात काय आहे ते तुम्हाला कळलं असतं.

इतकं होऊनही तुम्ही गप्प जाऊ शकला असता. त्याऐवजी खानावळीत जाऊन सगळ्यांसमोर नाव सांगितलंत. आज सकाळी टिब्जबाई कुलूप दुरुस्तीला घेऊन आल्या. कुलपाला काही झालेलं नव्हतं.

"अगं केझी, ऐकलंस का? तिसरा कॅप्टन आलाय! मी म्हटलं, देवा, एवढासा? आपला कॅप्टन दारातून वाकून यायचा, हा तर माझ्या टेबलाखालून ताठ चालत जाईल!"

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणे, मी तेवढाच होतो, तुम्ही लोकांनी मला वाढवलं. तर तो लोहार काय म्हणतो, 'बरं झालं वाढवलं, आता भाडंही वाढवून दे!' हसून हसून मेले मी. पण पोगसाहेब हसले नाहीत गं. ते नुसते बघत होते."

न्यायाधीश पोग यांना कमी लेखू नका. नुसत्या हसण्याने ही गोष्ट संपणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "कॅप्टन रस्कच्या हातचा नेम या राज्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. शनिवारी बैलाची नेमबाजी आहेच. कॅप्टनची बंदूक याच्या हातात देऊ. बंदूक आपला माणूस ओळखेल." आणि तुम्ही, टिब्जबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, ग्लास खाली ठेवून म्हणालात, "द्या."

ही नेमबाजी तुमच्याच नावाने दरसाल होते. जळक्या फळीवर खडूची फुली असते, साठ पावलांवर, आणि प्रत्येकाला तीन गोळ्या. जिंकणाऱ्यांमध्ये बैल वाटला जातो: कातडं आणि चरबी पहिल्याला, मग एकेक तंगडी. फळीमागच्या झाडात रुतलेलं शिसं बंदूकवाल्याचं. म्हणजे आमचं.

तुमचा नेम खरा होता. त्या सगळ्या गोष्टीत तेवढंच खरं आहे, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. शनिवारच्या आत निघून जा. घोडा हवा असेल तर आमच्या तबेल्यामागे बांधलेला सापडेल. कोणी विचारणार नाही. घोडा घेऊन जाणं तुम्हाला नवीन नाही.

केझाया


रस्क्स फोर्ड
१५ ऑगस्ट १८०२, रविवार

श्री. पाइक,

नावाडी इझ्रा म्हणतो, तुमच्या तीन बरगड्या मोडल्या आहेत आणि मांडीच्या जखमेतून अजून रक्त येतंय. त्याच्या झोपडीत, म्हणजे पुन्हा पलीकडच्या काठावर, तुम्ही पडून आहात. तो वाचून दाखवेल म्हणाला. मी नको म्हटलं. तुम्हाला बसता येईल तेव्हा स्वतः वाचा.

काल सकाळी तुमची बंदूक मी बाकावर घेतली. नेमबाजीच्या दिवशी ती दरवर्षी मीच साफ करते. नळीच्या टोकावर, नेम धरण्यासाठी, एक पितळी खूण खाचेत बसवलेली असते. मी ती पितळी ठोकणीने उजवीकडे सरकवली, गव्हाच्या दाण्याच्या निम्म्याने. खूण उजवीकडे गेली की गोळी डावीकडे जाते. साठ पावलांवर ती चार बोटं डावीकडे जाणार होती.

योस्ट आत आला. त्याने बंदुकीकडे पाहिलं, मग ठोकणीकडे.

"नळी पुसलीस, पोरी?"

"पुसली."

"बरं," तो म्हणाला आणि ठोकणी उचलून तिच्या जागी ठेवली.

पोगसाहेबांनी रिवाजाप्रमाणे पहिला बार आकाशात काढला. आकाशावर नेम चुकत नाही, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. मग मी बंदूक पुन्हा ठासून तुमच्या हातात दिली. वीस वर्षांनी तुम्ही माझ्या इतक्या जवळ उभे होता. तुम्ही मला म्हणालात, "डोळे ॲबीचे आहेत." मी म्हणाले, "गोळी घट्ट बसली आहे, उगाच गज मारू नका."

पहिली गोळी चार बोटं डावीकडे गेली.

"कॅप्टन, बैल तिकडे नाही, इकडे बांधलाय!" लोहार ओरडला. आपण साडेसहा फुटांचे असताना फळी खाली असायची, एवढाच काय तो फरक, असंही कोणीतरी म्हणालं. लोक बाकांवरून घसरून हसत होते.

तुम्ही हसला नाहीत. अंगठा नळीवरून पुढे नेऊन त्या खुणेवर ठेवलात. मग माझ्याकडे पाहिलंत. मी नजर खाली केली नाही.

दुसऱ्या गोळीला चार बोटं उजवीकडे धरायचं, की झालं. हे कुठल्याही बऱ्या नेमबाजाला कळतं. मला वाटलं, तुम्ही तेच कराल. फुलीवर दोन गोळ्या बसल्या असत्या तर पोगसाहेबांना पहिली विसरावी लागली असती. मी त्यापुढचं ठरवून ठेवलं नव्हतं.

तुम्ही पुढच्या बाकाकडे पाहिलंत. आई सरळ समोर बघत होती. मर्सी काकवीची वडी खात होती आणि तिची बोटं चिकट झाली होती. ती आईच्या बाहीला पुसत होती.

मग तुम्ही दुसरी गोळी झाडलीत. मी ठासून दिली आणि तिसरीही.

मुलं फळी उचलून घेऊन आली. तिच्यावर एकच भोक होतं, फुलीच्या चार बोटं डावीकडे. पोगसाहेबांनी फळी उंच धरली. "तीन गोळ्यांपैकी एक फळीला लागली," ते म्हणाले. "दोन तर फळीलाही नाहीत." तुम्ही तेव्हा तोंड उघडलं नाहीत. फळीजवळ जाऊन भोक नीट बघा, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं.

पुढचं तुमच्या अंगावर आहे, तरी तुम्हाला दिसलं नसेल ते सांगते. कुंपणाचा वासा लोहाराने निवडून काढला, फाडलेली कड वर येईल असा. आठ जणांनी खांद्यावर घेतला. तुम्हाला त्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसवलं, आणि पाय खालून दोघांनी ओढून धरले. चौकाला दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत टिब्जबाईंनी तुमच्यावर घाण पाण्याची बादली ओतली आणि "खोलीचं भाडं!" असं ओरडल्या, त्याला सर्वांत मोठा हशा मिळाला. नदीवर नेऊन तुम्हाला जिथे टाकलं तो तुमच्याच नावाचा उतार. आई मर्सीला घेऊन पहिल्या फेरीलाच घरी गेली. मी तिथेच होते. बंदूक कोणीतरी सांभाळायला हवी होती.

आता ॲबीबद्दल. तिने तुम्हाला शिंग पोचवलं नाही. तुम्ही ते घाईत खुंटीवर विसरलात. तिला वाटलं तुम्ही लढायला निघालात आणि दारूशिवाय कसे लढणार, म्हणून ती शिंग घेऊन घोडीमागे पळाली. ती तुम्हाला हाका मारत होती. फटीशी मला ऐकू येत होत्या. तुम्हाला येत होत्या का, ते मला माहीत नाही. मी विचारत नाही.

आज सकाळी मी झाडातलं शिसं काढायला गेले. सगळ्यांच्या गोळ्या सालीत इकडेतिकडे होत्या. तुमच्या फळीमागे एकच छिद्र होतं आणि त्यात एकच गोळा. तीन गोळ्या, एकीच्या पाठीत दुसरी, दुसरीच्या पाठीत तिसरी. तोलून पाहिलं. वजन तिघींचं भरतं.

असा नेम मी पाहिलेला नाही. हे मी बंदूक बनवणारी म्हणून लिहिते आहे.

केझाया


रस्क्स फोर्ड
९ ऑक्टोबर १८०२

श्री. पाइक,

इझ्राने तुमचा निरोप दिला. तुम्हाला काठी घेऊन चालता येतं, मीठवाल्यांच्या नावेत जागा मिळाली आहे, आणि जाण्याआधी तेवढा शिशाचा गोळा हवा आहे.

गावात सगळं ठीक आहे. गोष्ट थोडी वाढली. आता असं सांगतात, की लबाडाने कॅप्टनच्या बंदुकीला हात लावताच ती आपणहून डावीकडे वळली. पोगसाहेब स्वतः सांगतात, आणि मला वाटतं त्यांना आता ते आठवतंही. मुलांनी एक खेळ काढला आहे: एक जण कॅप्टन, एक जण लबाड, आणि लबाडाला काठीवर बसवून फिरवायचं. मर्सी नेहमी कॅप्टन होते. लबाड व्हायला कोणी तयार नसतं, म्हणून आमच्या कुत्र्याला बसवतात. परवा ती मला विचारत होती, "तो माणूस खोटं का बोलला गं?" मी म्हटलं, "त्याला राहायला जागा हवी होती." तिला ते कारण फार लहान वाटलं.

आईने तुमच्याबद्दल काही विचारलेलं नाही. टोपीच्या दगडाभोवतीचं गवत तिने यंदाही काढलं.

बंदुकीची खूण मी पुन्हा जागेवर आणली आहे.

तुम्हाला एक वस्तू पाठवते आहे. आई आणि योस्टचं लग्न झालं त्या वर्षी, मी तेरा वर्षांची असताना, तोवर नुसती भिंतीवर टांगलेली तुमची बंदूक पहिल्यांदा साफ करायला माझ्या हातात आली. गज आत घातला तर तो तळाला पोचेना. बंदूक भरलेली होती. अकरा जणांना पाडून, गोळ्या संपल्यावर टाकून दिलेली ती बंदूक. मी गजाला मळसूत्र लावून गोळी ओढून काढली. योस्टने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि मला परत दिली. "तेल लाव नळीला," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मळसूत्राचं एक भोक सोडलं तर तिच्यावर ओरखडाही नाही. वीस वर्षांपूर्वी तुम्ही ती ठासलीत तशीच आहे.

ती फडक्यात बांधून इझ्राकडे दिली आहे. ती तुमची आहे.

गोळा मिळणार नाही. झाडातलं शिसं बंदूकवाल्याचं, हा इथला रिवाज आहे. योस्टने तो दोनदा वितळवायच्या भांड्यात टाकला आणि दोनदा मी काढून घेतला. सध्या तो माझ्या बाकावर असतो. खिडकीतून वारा फार येतो, आणि लिहिताना कागदावर काहीतरी जड लागतं.

केझाया